वरचा ‘डू’ बरोबर, खालचा ‘डू’ चूक

गोंदिया जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान प्रदर्शन पाहायला आम्ही गेलो होतो. जिल्हा धानाचा, तेव्हा मांडलेल्या प्रयोगांत धान असणारच. आठवीतल्या एका मुलीने दोन बादल्या मांडल्या होत्या. एकीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे. १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. दोन्ही बादल्यांत तिने मूठ मूठ बियाणे टाकले. काही दाणे तळाशी बसले, काही तरंगले. मिठाच्या पाण्यात अधिक दाणे तरंगले. मिठाच्या पाण्याची घनता जास्त असल्यामुळे अर्धवट भरलेले दाणेही त्यात वर येतात. पेरणीपूर्वी शेतकरी हेच करतात. तरंगलेले दाणे काढून टाकायचे. बुडालेले दाणे साध्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून पेरायला घ्यायचे.

शाळेत सेमी इंग्रजीचे वर्ग होते, म्हणून तक्ता इंग्रजीत होता. मथळा असा : ‘व्हाय डू सम सीड्स फ्लोट?’ त्याखाली पहिले वाक्य : ‘वी वॉन्टेड टु नो व्हाय डू सम सीड्स फ्लोट.’ परीक्षकांनी खालच्या ‘डू’भोवती लाल वर्तुळ काढले होते.

आम्ही प्रयोगाबद्दल विचारत होतो. मुलीला मात्र वेगळेच काही विचारायचे होते. ती म्हणाली, “सर, वरचा ‘डू’ बरोबर आहे म्हणतात आणि खालचा चूक. शब्द तेच, क्रमही तोच. मग असं का?”

‘तसा नियम आहे’ हे उत्तर तिला आधीच मिळाले होते. आमच्यापाशीही त्या क्षणी दुसरे उत्तर नव्हते. आम्हांला आठवले ते आमच्या पहिल्या शोधनिबंधाचे परत आलेले हस्तलिखित. त्यातही अशीच लाल वर्तुळे होती, अगदी याच चुकीची. आम्ही मुकाट्याने दुरुस्ती करून निबंध पुन्हा पाठवला होता. ‘असे का?’ हे विचारायचे आम्हांला सुचले नव्हते. आठवीतल्या मुलीला ते सुचले, म्हणून तिला नीट उत्तर देणे आम्हांला भाग होते. ते उत्तर शोधताना जे हाती लागले, ते शिक्षक मित्रांपुढे ठेवत आहोत.

मराठीत प्रश्न कसा होतो?

प्रथम आपल्याच भाषेकडे पाहू. ‘रमा उद्या गोंदियाला जाणार आहे.’ या वाक्याचे प्रश्न करा. ‘रमा उद्या कुठे जाणार आहे?’ ‘रमा कधी गोंदियाला जाणार आहे?’ ‘उद्या गोंदियाला कोण जाणार आहे?’ उत्तराचा शब्द उठला आणि त्याच्या जागी प्रश्नाचा शब्द बसला. बाकी कोणी हलले नाही. हिंदीतही तसेच : ‘रमा कल कहाँ जाएगी?’ भाषावैज्ञानिक मॅथ्यू ड्रायर यांनी जगातल्या सुमारे ९०० भाषांची या दृष्टीने तुलना केली आहे. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश भाषांत प्रश्नाचा शब्द वाक्याच्या आरंभी आणण्याची सक्ती नाही. म्हणजे या बाबतीत मराठी बहुमतात आहे आणि इंग्रजी अल्पमतात.

इंग्रजीत प्रश्न करताना दोन वेगवेगळ्या क्रिया होतात. ‘रमा इज गोइंग टु गोंदिया’ याचा प्रश्न होताना, पहिली क्रिया : ‘व्हेअर’ हा शब्द वाक्याच्या तोंडाशी येतो. दुसरी क्रिया : ‘इज’ हे साहाय्यक क्रियापद कर्त्याला ओलांडून त्याच्या पुढे जाऊन बसते. ‘व्हेअर इज रमा गोइंग?’ 

वाक्यात साहाय्यक क्रियापदच नसेल तर? ‘सम सीड्स फ्लोट’ या वाक्यात ते नाही. मग कर्त्याला ओलांडायला कोणीतरी हवे म्हणून ‘डू’ बाहेरून आणला जातो. त्याला तिथे स्वतःचा असा अर्थ नाही; रिकामी जागा भरणे एवढेच त्याचे काम. शेक्सपिअरच्या काळापर्यंत (१५६४-१६१६) मुख्य क्रियापदालाच कर्त्यापुढे नेऊन प्रश्न करण्याची पद्धतही चालत होती. पुढे ती मागे पडली आणि ‘डू’ कायमचा चिकटला.

या दोन क्रिया वेगळ्या आहेत याचा पुरावा इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांच्या बोलण्यात सापडतो. एडवर्ड क्लिमा आणि अर्सुला बेलुजी यांनी १९६६ साली तीन लहान मुलांच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी ही त्या मुलांची मातृभाषा. तरीही काही काळ ती प्रश्नशब्द पुढे आणत, पण क्रियापद जागचे हलवत नसत. ‘व्हाय ही कांट गो?’ अशा धर्तीचे प्रश्न विचारत. पहिली क्रिया आधी साधली, दुसरी मागाहून. आपला विद्यार्थी ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असे लिहितो तेव्हा तोही याच पायरीवर उभा असतो.

दुसरी क्रिया कशासाठी?

आता मुलीच्या तक्त्याकडे वळू. मथळ्यात ती वाचणाऱ्याला प्रश्न विचारते आहे. त्याखालच्या वाक्यात ती काही विचारत नाही. ‘आम्हांला अमुक जाणून घ्यायचे होते’ असे सांगते आहे. काय जाणून घ्यायचे होते? ‘वी वॉन्टेड टु नो द रीझन’ असे ती लिहू शकली असती. ‘द रीझन’ हे कर्म आहे, नाम आहे. त्या नामाच्या खुर्चीवर तिने एक अख्खे वाक्य बसवले. नामाचे काम करणारे वाक्य म्हणून व्याकरणात त्याला नामवाक्य म्हणतात.

कर्त्याची आणि क्रियापदाची अदलाबदल ही इंग्रजीत ‘मी विचारतो आहे’ असे कळवणारी घंटा आहे, असे समजा. विचारणे चालू असेल तर घंटा वाजवायची. नामवाक्यात विचारणे नाही, म्हणून तिथे घंटा नाही. अदलाबदल झाली नाही की ‘डू’ची गरजही उरत नाही, कारण त्याला आणले होते ते अदलाबदलीपुरतेच. म्हणून ‘वी वॉन्टेड टु नो व्हाय सम सीड्स फ्लोट.’ 

‘व्हाय’ मात्र आपल्या वाक्याच्या तोंडाशीच राहतो. नेमके काय अज्ञात आहे हे तो सांगतो आणि नामवाक्य कुठून सुरू झाले हेही दाखवतो. थोडक्यात, पहिली क्रिया होते, दुसरी होत नाही. नियम एवढाच.

काही जोड्या पाहू :

‘व्हेअर इज द स्टेशन?’ – ‘आय नो व्हेअर द स्टेशन इज.’

‘व्हेन डज द विदर्भ एक्सप्रेस लीव्ह?’ – ‘आस्क हिम व्हेन द विदर्भ एक्सप्रेस लीव्ज.’

‘व्हॉट डिड शी से?’ – ‘आय हर्ड व्हॉट शी सेड.’

‘हाऊ मेनी एग्ज डज द सारस ले?’ – ‘टेल मी हाऊ मेनी एग्ज द सारस लेज.’

दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीत आणखी एक गोष्ट घडली आहे. ‘डज’ गेला तेव्हा त्याच्याजवळचा प्रत्यय क्रियापदाला परत मिळाला आणि ‘लीव्ह’चे ‘लीव्ज’ झाले. ‘डिड’ गेला तेव्हा भूतकाळ परत आला आणि ‘से’चे ‘सेड’ झाले. ‘डू’ काढला पण प्रत्यय परत केला नाही, ही मुलांची पुढची नेहमीची चूक. ‘डू हा उसनवार घेतो, जाताना परत देतो’ असे सांगितले की ती टळते.

इथे दोन शंका येतात. पहिली : ‘हू बिल्ट द टँक?’ आणि ‘आय नो हू बिल्ट द टँक’ यांत फरक का दिसत नाही? इथे प्रश्नशब्दच कर्ता आहे. ओलांडायला पुढे कर्ता उरलेलाच नाही, म्हणून साध्या प्रश्नातही अदलाबदल नव्हती आणि नामवाक्यातही नाही. दुसरी : ‘कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?’ हा तर प्रश्न आहे. होय, पण विचारण्याची घंटा ‘कॅन यू’ इथेच वाजली. आतल्या वाक्यात ती पुन्हा वाजवायची नाही. प्रश्नचिन्ह लागते तेही बाहेरच्या वाक्यामुळे.

आणि प्रश्नशब्दच नसेल तर? ‘इज इट रेनिंग?’ याचे नामवाक्य करताना ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ आणावा लागतो : ‘टेल मी व्हेदर इट इज रेनिंग.’ मराठीत आपण म्हणतो, ‘पाऊस पडतो आहे का, ते सांग’ किंवा ‘पाऊस पडतो आहे की नाही, ते सांग.’

मराठीचे गाठोडे

याच ‘ते’कडे जरा लक्ष द्या. मुलीचे वाक्य मराठीत कसे होईल? ‘काही दाणे का तरंगतात, हे आम्हांला जाणून घ्यायचे होते.’ प्रश्न जसाच्या तसा राहिला. शेवटी ‘हे’ची गाठ मारली आणि त्याचे गाठोडे झाले. गाठोडे बांधले की त्याला विभक्तीचा प्रत्यय लावून कुठेही नेता येते : ‘दाणे का तरंगतात याचा शोध’, ‘दाणे का तरंगतात यावर चर्चा’, ‘दाणे का तरंगतात याविषयी शंका’. मराठी मूल शाळेत येण्याआधीच ही गाठ मारायला शिकलेले असते. ‘आजी कधी येणार ते सांग ना’ म्हणणारे चार वर्षांचे मूल नामवाक्यच वापरत असते. 

म्हणजे नामवाक्य ही कल्पना मुलांना परकी नाही. फरक आहे तो खुणेत. मराठी ‘हे’, ‘ते’ यांनी गाठ मारून दाखवते की हा आता प्रश्न नाही, एक वस्तू आहे. इंग्रजी तेच शब्दांचा क्रम पूर्ववत ठेवून दाखवते. 

आता लाल वर्तुळातल्या चुकीचा उगम पाहा. मातृभाषेत अदलाबदल मुळीच नाही. इंग्रजीत ती करावी लागते, हे मूल कष्टाने शिकते. पाचवी-सहावीत ‘व्हेअर यू आर गोइंग’ लिहून बोलणी खाते आणि अखेर मनाशी नियम बांधते : प्रश्नशब्द दिसला की क्रियापद पुढे न्यायचे. खरा नियम आहे : प्रश्न विचारायचा असला की क्रियापद पुढे न्यायचे. मराठीत दोन्ही ठिकाणी वाक्य सारखेच राहत असल्यामुळे हा भेद त्याला मातृभाषेतून कळण्याची सोय नाही. मग ते शिकलेला नियम इमानाने नामवाक्यातही लावते. ‘आय नो व्हेअर आर यू गोइंग’ लिहिणारे मूल निष्काळजी नाही. ‘व्हेअर यू आर गोइंग?’ लिहिणाऱ्या मुलाच्या ते एक पायरी पुढे आले आहे.

पिट कॉर्डर यांनी १९६७ साली एका गाजलेल्या निबंधात हाच मुद्दा मांडला. विद्यार्थ्याच्या चुका हा केवळ कचरा नसतो. त्याने मनात कोणते नियम रचले आहेत, हे त्या चुकांवरून कळते. आम्ही प्रयोगशाळेत ज्याला ‘निरीक्षण’ म्हणतो, तेच हे. लाल वर्तुळ काढून थांबलो तर निरीक्षण वाया गेले.

आयर्लंडमधले इंग्रजी भाषक रोजच्या बोलण्यात नामवाक्यातही अशी अदलाबदल करतात, हेही सांगायला हवे. तेव्हा ही काही बुद्धीला न पटणारी रचना नव्हे. प्रमाण लेखी इंग्रजीत ती चालत नाही, आणि आपल्या मुलांची परीक्षा तिथे होते.

क आणि ज

इथवर मराठीने आपल्याला मदत केली नाही. एके ठिकाणी मात्र ती इंग्रजीपेक्षा चोख आहे. आपल्याकडे ‘क’ची एक माळ आहे : कोण, कधी, कुठे, कसा, किती. तिच्याशेजारी ‘ज’ची दुसरी माळ आहे : जो, जेव्हा, जिथे, जसा, जितका. पहिली अज्ञात गोष्टीसाठी, दुसरी संबंध जोडण्यासाठी. संस्कृतातही या माळा वेगळ्या होत्या. इंग्रजीत ‘व्हेन’, ‘व्हेअर’, ‘हू’ हे शब्द दोन्ही माळांचे काम एकट्याने करतात. म्हणूनच वाक्यपृथक्करणात मुले अडखळतात.

‘आय नो व्हेअर शी स्टडीज’ म्हणजे ‘ती कुठे शिकते ते मला ठाऊक आहे.’ क आला, नामवाक्य. ‘आय नो द स्कूल व्हेअर शी स्टडीज’ म्हणजे ‘ती जिथे शिकते ती शाळा मला ठाऊक आहे.’ ज आला. हे शाळेचे विशेषण झाले. मुलांना वाक्य मराठीत म्हणायला सांगा. क आला तर ते बहुधा नामवाक्य समजावे. ‘ज’च्या बाबतीत एका अपवादाची नोंद हवी : ‘व्हॉट ही सेड इज ट्रू’ याचे मराठी ‘तो जे म्हणाला ते खरे आहे’ असे ‘ज’ने होते, तरी शालेय व्याकरण त्यालाही नामवाक्यच म्हणते. 

या कसोटीने आणखी एक गाठ सुटते. ‘व्हेन’नंतर ‘विल’ वापरू नये, असे आपण शिकवतो. मग ‘आय डोंट नो व्हेन ही विल कम’ हे बरोबर कसे? या दोन वाक्यांकडे पाहा :

‘आय विल टेल यू व्हेन ही विल कम.’ – तो कधी येईल, ते मी तुला सांगेन.

‘आय विल टेल यू व्हेन ही कम्स.’ – तो येईल, तेव्हा मी तुला सांगेन.

पहिल्यात त्याची येण्याची वेळ सांगायची आहे. दुसऱ्यात सांगायचे काहीतरी निराळेच आहे, फक्त तो आल्यावर सांगायचे आहे. ‘विल’ची बंदी दुसऱ्या, म्हणजे ‘जेव्हा-तेव्हा’च्या वाक्याला आहे, ‘कधी’च्या वाक्याला नाही.

वर्गात करून पाहा

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांना लागून आहे. इथल्या एकाच वर्गात मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी आणि गोंडी बोलणारी मुले शेजारी बसलेली असू शकतात. ही अडचण न मानता साधन माना. ‘तो कुठे राहतो?’ आणि ‘तो कुठे राहतो ते मला माहीत आहे’ ही दोन वाक्ये प्रत्येकाने आपल्या घरच्या बोलीत फळ्यावर लिहावी. प्रश्नशब्द कुठे बसला? क्रियापद हलले का? ‘ते’सारखी गाठ आहे का? मुलांनीच तक्ता भरावा. शेवटच्या ओळीत इंग्रजी लिहावी. इंग्रजीच तेवढी वेगळी वागते का, हे मुले स्वतः तपासतील.

दुसरा खेळ कागदाच्या पट्ट्यांचा. ‘व्हाय’, ‘डू’, ‘सम सीड्स’, ‘फ्लोट’ अशा पट्ट्या करा. ‘वी वॉन्ट टु नो’ ही लांब पट्टी पुढे लावली की ‘डू’ची पट्टी काढून घ्यायची. हाताने काढलेला ‘डू’ पुस्तकातल्या नियमापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो.

तिसरा उपक्रम भटकंतीचा. नवेगावबांधच्या तलावावर किंवा गावच्या बोडीवर मुलांना न्या आणि प्रत्येकाने तीन प्रश्न लिहून आणावे. हा तलाव कोणी बांधला? (अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी, असे सांगतात.) सारस किती अंडी घालतो? (बहुधा दोन.) पाणी उन्हाळ्यात किती उतरते? मग प्रत्येक प्रश्नाचे ‘वी वॉन्ट टु फाइंड आउट’ने सुरू होणारे वाक्य करायचे.

हा खटाटोप कशासाठी?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. सेमी इंग्रजीच्या वर्गांत विज्ञान आणि गणित इंग्रजीतून असते. तिथल्या प्रश्नपत्रिकेत ‘एक्सप्लेन व्हाय आइस फ्लोट्स ऑन वॉटर’ असे छापलेले असते. प्रश्नचिन्ह नाही, ‘डज’ नाही. तरी उत्तर द्यायचे आहे. हे वाक्य प्रश्नाचेच गाठोडे आहे, हे न कळल्यामुळे विज्ञान येत असलेले मूलही अडते. तिथे गुण जातात ते विज्ञानाचे.

आमच्या दृष्टीने याहून मोठे कारण दुसरे आहे. ‘दाणे का तरंगतात?’ हा प्रश्न कोणालाही विचारता येतो, उत्तर मिळाले की संपतो. ‘दाणे का तरंगतात हे कशावर अवलंबून आहे’, ‘हे कसे तपासता येईल’, ‘हे आम्हांला अजून समजलेले नाही’ असे म्हणता येऊ लागले की प्रश्न हाताळता येतो. त्याच्याविषयी बोलता येते, तो वाटून घेता येतो, अर्धवट सोडून उद्या पुन्हा हाती घेता येतो. संशोधन म्हणतात ते बहुतांशी हेच असते आणि ते सगळे नामवाक्यांत लिहिलेले असते. त्या मुलीने तक्त्यावर पहिलेच वाक्य तसे लिहिले होते. संशोधकाला नेमकी हवी असलेली रचना तिने आपणहून निवडली होती. चुकला होता तो एक ‘डू’.

आम्ही तिच्या शाळेच्या पत्त्यावर यातले थोडके लिहून पाठवले. काही दिवसांनी पोस्टकार्ड आले. तरंगलेले दाणे तिने फेकले नव्हते. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. कार्डावर इंग्रजीत एकच वाक्य होते : ‘नाऊ वी वॉन्ट टु नो व्हेदर द फ्लोटिंग सीड्स जर्मिनेट.’ खाली मराठीत लिहिले होते, “सर, उगवतात की नाही ते आठवड्यानं कळवते.”